भुईगावचा दगड, वसईच्या घंटा

१९५६ साली नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला भुईगावात एक कोरीव दगड सापडला. त्यावरची ब्राह्मी अक्षरे वाचली गेली, तेव्हा तो सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा असल्याचे कळले. या लेखात अशोक लोकांच्या मंगलविधींविषयी बोलतो. माणसे आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, बाळ जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे विधी करतात आणि बायका तर फारच करतात, असे तो म्हणतो. या विधींचे फळ थोडे असते. नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणे, जिवांवर दया करणे, हे खरे मंगल, असा त्याचा उपदेश आहे.

त्या भुईगावात आज मोठी ख्रिस्ती वस्ती आहे. तिथले लग्न पाहिले, तर दारात मांडव असतो, नवरानवरीच्या स्नानासाठी बायका वाजतगाजत विहिरीवर ‘उंबराचे पाणी’ आणायला जातात आणि मग चर्चमध्ये मिस्सा होऊन लग्न लागते. तेवीसशे वर्षांपूर्वी ज्या बायकांच्या विधींवर सम्राटाने बोट ठेवले, त्यांच्या लेकीसुनांनी सम्राटाचेही ऐकले नाही आणि पुढे फिरंगी पाद्रींचेही पुरते ऐकले नाही. सोपारा-वसईचा धर्मपालट समजून घ्यायचा, तर मला या विहिरीच्या वाटेपासून सुरुवात करावीशी वाटते. किल्ला, तह, तोफा हे सगळे त्यानंतर.

सोपारा म्हणजे शूर्पारक. महाभारताला ते ठाऊक आहे, बौद्ध आणि जैन ग्रंथांना ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी नोंदीत, ‘पेरिप्लस’मध्ये, कल्याणच्या बरोबरीने ‘सुप्पारा’चे नाव येते, टॉलेमीच्या भूगोलातही येते. मी मुळशीतला, चांद्याचा. आमच्याकडून कार्ल्याची लेणी अर्ध्या दिवसात पाहून होतात. तिथल्या चैत्यगृहातल्या एका खांबावर कोरले आहे की, सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या भिक्षूचे हे दान. नाणेघाटात पाण्याचे एक टाके आहे, तेही सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेले. म्हणजे आमचे मावळ आणि ते बंदर यांच्यात त्या काळी रोजचे येणेजाणे होते. घाटावरचा माल उतरायचा, गलबतात चढायचा आणि परत येणाऱ्या तांड्यांबरोबर नवे देव, नवे विचार वर चढायचे.

सोपाऱ्याचा पहिला धर्मपालट बौद्ध कथांत आहे. पूर्ण नावाचा इथला व्यापारी श्रावस्तीला गेला, बुद्धांचा शिष्य झाला आणि आपल्याच लोकांत धर्म सांगायला परत यायची परवानगी मागू लागला. बुद्धांनी त्याला विचारले, तिकडचे लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर? मारले तर? जीव घेतला तर? पूर्ण प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर देतो. मग तो येतो, शूर्पारकात चंदनाचा विहार बांधतो आणि खुद्द बुद्ध तिथे येतात, अशी कथा आहे. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. या किनाऱ्यावर नवा धर्म आणणारा पहिला माणूस परका नव्हता, इथलाच व्यापारी होता.

त्या थराचा दगडी पुरावा पंडित भगवानलाल इंद्रजींनी काढला. एप्रिल १८८२ मध्ये त्यांनी सोपाऱ्याचे ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचे टेकाड खणले. आत स्तूप होता आणि स्तूपाच्या पोटात दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात एकात एक बसवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक, भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे, सोन्याची फुले, भोवती सात बुद्ध आणि मैत्रेय अशा आठ मूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. त्याच वर्षी त्यांना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडाही मिळाला. गावकरी मात्र त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत होते. बुद्ध विसरला गेला होता, राजा बुरूड झाला होता. पण टेकाड कुणी मोडले नव्हते.

बौद्ध ओसरले. शिलाहारांच्या काळात शैव देवळे उठली. सोपाऱ्याच्या चक्रेश्वर तळ्याकाठची ब्रह्मदेवाची उभी मूर्ती पाहणाऱ्याला त्या काळच्या कारागिरीची कल्पना येते. हळूहळू खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबते सोपाऱ्याला लागेनाशी झाली आणि व्यापार ठाणे-वसईकडे सरकला.

ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांनी आणला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. या किनाऱ्यापुरता तो अपुरा आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या प्रवासी व्यापाऱ्याने लिहून ठेवले की, ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियातून नेमून येतो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बरेच अभ्यासक मानतात. पर्शियाच्या आखातातून येणाऱ्या व्यापाऱ्यांत पारशी होते, अरब होते, तसे ख्रिस्तीही होते. त्यांनी इथे घरे केली, प्रार्थनेपुरत्या जागा केल्या. कुणाला बाटवायला ते आले नव्हते. आले होते मिरी, कापड आणि सागवानासाठी.

चौदाव्या शतकात या शांत वस्तीत युरोपातले चार फ्रान्सिस्कन फकीर येऊन उतरले. तोलेंतिनोचा थॉमस, पाद्व्याचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा दिमित्री, जो भाषा जाणणारा होता. त्यांच्याबरोबर जॉर्डानस नावाचा फ्रेंच डॉमिनिकन होता. चीनकडे निघालेले हे लोक १३२१ मध्ये ठाण्याला थांबले. ठाण्यात तेव्हा पर्शियन पंथाच्या ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती, असे नंतर लवकरच आलेल्या ओदोरिक नावाच्या प्रवाशाने लिहिले आहे. त्यांतल्याच एका घरी चौघे उतरले आणि जॉर्डानस धर्मप्रसारासाठी पुढे निघून गेला.

पुढची हकिगत ओदोरिकने सांगितली आहे, आणि ती सुरू होते एका घरगुती भांडणापासून. यजमानाने बायकोला मारले. बायको काझीकडे गेली आणि घरात राहणारे चार परदेशी साधू साक्षीदार आहेत, म्हणाली. काझीने त्यांना बोलावले. साक्ष बाजूला राहिली आणि धर्मावर वाद पेटला. ठाणे तेव्हा दिल्लीच्या सत्तेखाली होते आणि तिथला अधिकारी मलिक. वादात थॉमसने दिलेली उत्तरे त्यांना असह्य झाली. त्यांना उन्हात उभे केले, जेम्सला आगीत लोटले आणि शेवटी एप्रिल १३२१ मध्ये चौघांचाही जीव घेतला. आगीतून जेम्स सुखरूप निघाल्याचे ओदोरिक श्रद्धेने लिहितो. दिल्लीच्या सुलतानाला ही बातमी कळल्यावर मलिकाला शिक्षा झाली, असेही तो सांगतो.

जॉर्डानस परत आला. साथीदारांचे देह घेऊन त्याने ते सोपाऱ्याला नेले आणि तिथल्या चर्चमध्ये पुरले. तिथल्या चर्चमध्ये, हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. वास्को द गामा कालिकतला उतरण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी सोपाऱ्यात चर्च होते. जॉर्डानसने या किनाऱ्यावर काही जणांना बाप्तिस्माही दिला. एकट्याने काम करताना होणाऱ्या त्रासाची पत्रे त्याने युरोपात धाडली, ती आजही वाचायला मिळतात. ओदोरिकने ती हाडे उकरून आपल्याबरोबर चीनला नेली. त्यानंतर या वस्तीचा धागा तुटतो. ज्या धर्माच्या मागे ना राजा होता ना जमीन, तो व्यापाराच्या वाऱ्याबरोबर आला आणि वारा पडल्यावर विरला.

दुसऱ्या खेपेला तो राजा आणि जमीन घेऊनच आला.

मधली दोनशे वर्षे उत्तर कोकणात काय घडले, याची मराठी चाहूल ‘महिकावतीच्या बखरी’त लागते. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापलेल्या या बखरीचे सर्वांत जुने भाग १४४८ चे आहेत. बिंब राजाबरोबर आलेली कुळे, सोमवंशी, पाचकळशी, त्यांची गोत्रे, वतने, भांडणे, आणि वर तुर्काणाची सत्ता. वाचताना जाणवते की, या भागातली माणसे राज्य गेल्याच्या दुःखापेक्षा कुळाचार बुडेल या धास्तीत होती. राज्ये बदलतात, हे त्यांनी गृहीत धरले होते. पुढे त्यांच्यातल्याच अनेकांच्या धर्माची उलथापालथ झाली, तेव्हा त्यांनी सर्वांत घट्ट काय धरून ठेवले हे यावरून समजते: जात आणि कुळ.

सोळाव्या शतकात हा मुलूख गुजरातच्या सुलतानाकडे होता. उत्तरेकडून हुमायूनचे संकट अंगावर आले आणि समुद्रावर पोर्तुगीज आरमार वसई-दमणचे किनारे जाळत होते. दोन्हीकडे लढणे अशक्य झाल्यावर सुलतान बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगिजांशी तह केला आणि वसई, तिच्या आसपासचा मुलूख, मुंबईसह बेटे त्यांना देऊन टाकली. या तहात इथल्या एकाही कुणब्याला, कोळ्याला, भंडाऱ्याला कुणी विचारले नव्हते. ज्या दिवशी मालक बदलला, त्या दिवशी रहाटाला जुंपलेल्या बैलाला आणि त्याच्या धन्याला काही कळलेही नसेल.

पहिली काही वर्षे धर्माचा जोर नव्हता. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता हा वैद्य वसईकडच्या लोकांचे वर्णन करतो, त्यात शेतकरी कुणबी आहेत, माळी आहेत, प्रभू आहेत, वाणी आहेत, पारशी आहेत. तहानंतर जवळजवळ तीस वर्षांनीही त्याच्या डोळ्यांसमोरचा समाज मुख्यतः जुनाच आहे. बदल याच सुमारास वेग घेऊ लागला.

तो कसा झाला, हे सांगताना मराठीत दोन टोके दिसतात. एका बाजूला तलवारीच्या धाकाने सगळे बाटवले, हे. दुसऱ्या बाजूला सगळ्यांनी मनापासून प्रकाश पाहिला, हे. कागद दोन्हींना पुरत नाहीत.

देवळे पाडली गेली, याबद्दल शंका नाही. पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याने १५४० च्या दशकात व्हाइसरॉयला कळवले की, आपल्या मुलखात मूर्तिपूजा राहू नये, उघड सण होऊ नयेत आणि जे ख्रिस्ती होतील त्यांना सवलती द्याव्यात. फ्रान्सिस्कन आन्तोनियो दो पोर्तो याने वसईत आणि ठाण्याच्या साष्टी बेटावर देवळे मोडून चर्च उभारली आणि त्याच्या संघाच्या इतिहासकारांनी हे अभिमानाने नोंदवले. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या शैव लेण्याचे त्याने चर्च केले. शिवाची शिल्पे भिंतीआड गेली, वर मठ आणि विद्यालय उभे राहिले. आजही तिथे गेलात तर लेण्याच्या दगडात कोरलेला क्रूस दिसतो. निर्मळचे विमलेश्वराचे देऊळही असेच गेले. परशुरामाच्या कथेशी जोडलेले ते तळे, तिथली शंकराचार्यांची समाधी, कार्तिकातली यात्रा, सगळे बंद पडले. त्याच निर्मळमध्ये १५५७ मध्ये होली क्रॉस चर्च स्थापन झाले.

पण देऊळ पाडल्याने देवाची जागा जाते, भक्त आपोआप बदलत नाही. त्यासाठी दुसरी व्यवस्था लागली, आणि ती तलवारीपेक्षा सावकाश चालणारी होती. गोव्याहून निघालेल्या फर्मानांप्रमाणे बाप नसलेली हिंदू मुले पाद्रींच्या ताब्यात जाऊन ख्रिस्ती वाढवली जात. नव्या ख्रिस्त्यांना काही करांत सूट मिळे. सरकारी चाकरीत त्यांना झुकते माप असे. ‘ख्रिस्त्यांचा बाप’ नावाचा एक अधिकारीच होता. नव्या ख्रिस्त्याला जुन्या धन्याने, सावकाराने, जातीने छळले तर त्याने मध्ये पडायचे. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, सुरू झाले आणि परत फिरणाऱ्याला त्याचा धाक बसला. मुलूख गावागावांनी पोर्तुगीज सरदारांना आणि धर्मसंघांना पट्ट्याने दिला गेला. म्हणजे कुळाचा खंड घेणारा धनी, वादात न्याय देणारा, दुष्काळात धान्य देणारा आणि बाप्तिस्मा देणारा, या चार जागी पुष्कळदा एकाच घरची माणसे उभी होती. अशा वेळी ‘स्वखुशी’ आणि ‘सक्ती’ या शब्दांमधली रेघ फार पुसट होते.

तरी माणसे निव्वळ ढकलली गेली, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. कितीतरी ब्राह्मण, प्रभू, सोनार, व्यापारी कुटुंबे कल्याण-भिवंडीच्या बाजूला निघून गेली. ज्यांच्या पायात जमीन होती, त्यांना ते शक्य नव्हते. वसईच्या बागायतीत पानवेल, ऊस, केळी. ही पिके सोडून जाता येत नाहीत. वडवळ, सामवेदी, कोळी, कुणबी, भंडारी यांच्यातली पाडेच्या पाडे, घराणीच्या घराणी एकत्र ख्रिस्ती झाली. एकेकट्याने धर्म बदलला तर तो जातीबाहेर पडतो. सगळ्या पाड्याने बदलला तर जातच धर्म बदलून जागेवर राहते. इथल्या ख्रिस्ती समाजांनी शतकानुशतके आपापल्या मूळ जातीतच सोयरीक केली, ती यामुळे. पाद्रींनी एक धर्म दिला, जातीपातीची उतरंड त्यांना मोडता आली नाही. मोडायची त्यांची फार इच्छाही नव्हती.

आणि काहींना त्या धर्मात खरोखर काही सापडले. शाळा सापडली, दवाखाना सापडला, मरणानंतर देह नीट पुरणारी भाऊबंदकी सापडली. बाळाचे धर्मपिते आणि बाळाचे आईबाप यांच्यात नवे नाते जुळले. त्या नात्याचा पोर्तुगीज शब्द ‘कोम्पाद्रे’. सामवेदी ख्रिस्ती स्वतःला ‘कुपारी’ म्हणवतात, तो शब्द यावरूनच आला असे मानले जाते. समाजाचे नावच एका नव्या नात्यावरून पडते, याचा अर्थ ते नाते लोकांच्या मनापर्यंत पोहोचले होते.

या नव्या जगाची मर्यादाही एका वसईकराच्या आयुष्यात दिसते. गोन्सालो गार्सिया १५५७ च्या सुमारास वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली. तो जेझुइटांच्या शाळेत शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकून उत्तम दुभाषी झाला. त्याला संघात घ्यावे, ही त्याची इच्छा जेझुइटांनी पूर्ण केली नाही. मग तो व्यापारी झाला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाने त्याला बंधू म्हणून स्वीकारले आणि त्यांच्याबरोबर तो पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रूसावर चढवले, त्यांत हा वसईचा मुलगा होता. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्याला संत घोषित केले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. वसईत आज त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे.

किल्ल्यातली वसई या काळात उत्तरेकडच्या सगळ्या फिरंगाणाची राजधानी होती. तटाच्या आत जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, प्रत्येकाचे चर्च आणि मठ. सेंट जोसेफचे मुख्य चर्च १५४६ चे. ते १६०१ मध्ये नव्याने बांधल्याचा शिलालेख दारावर आहे. वसईचा काळा दगड गोव्यापर्यंत गेला, बॉम जेझूच्या दर्शनी भिंतीत तो आहे. या झगमगाटाविषयी युरोपीय प्रवाशांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि त्यावर मी जास्त थांबत नाही. शहर गोऱ्या सरदारांचे होते. ख्रिस्ती झालेला शेतकरी तटाबाहेर, रमेदी, पापडी, संडोर, आगाशी, नंदाखाल अशा गावांत होता आणि त्याचे चर्च तिथे होते. पुढे जे टिकले, ते या गावांतले.

अठराव्या शतकात फिरंगी सत्ता खिळखिळी झाली, पण धर्माचा काच राहिला. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे, अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ यांनी वर्षानुवर्षे पेशव्यांकडे खेटे घातले. साष्टीच्या बखरीत त्यांच्या धडपडीचा तपशील आहे. देवाला दिवा लावता येत नाही, लग्नमुंज उघडपणे करता येत नाही, ही त्यांची गाऱ्हाणी होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. वसई मात्र दोन वर्षे झुंजली. १७३९ च्या जानेवारीत तारापूर पडले, तिथे मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आला. फेब्रुवारीपासून पेशव्यांचे भाऊ चिमाजी आप्पा यांनी वसईला वेढा घातला. तीन बाजूंना पाणी, भक्कम तट, आतून शर्थीने लढणारे पोर्तुगीज. सुरुंग लावायचे, ते कधी फसायचे, कधी आपल्याच माणसांवर उलटायचे. मे महिन्यात सुरुंगांनी बुरूज उडाला, मराठे खिंडारात शिरले, दोन दिवस हातघाई झाली आणि मग किल्ल्याने पांढरे निशाण दाखवले. हजारो मराठे पडले होते. इतकी किंमत देऊन घेतलेल्या शहराला विजेते कसे वागवतात, ही खरी परीक्षा होती.

तहाची कलमे वाचली की, चिमाजी आप्पांविषयीचा आदर वाढतो. पोर्तुगीज शिबंदी शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडली. बायकामुलांना जायला मुदत मिळाली. आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना आपला धर्म पाळता यावा, त्यासाठी शहरात एक, वसई कसब्यात एक आणि साष्टीत एक अशी तीन चर्च ठेवावीत, हे कलम त्यात होते. ज्या मुलखात दोनशे वर्षे देऊळ उभे राहू दिले नव्हते, तिथे देवळांसाठी लढून आलेल्या माणसाने हे कलम मान्य केले. इतर चर्चच्या घंटा मात्र उतरवल्या गेल्या आणि देशावर, कोकणात ठिकठिकाणी गेल्या. मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावरची १७०७ ची घंटा, नाशिकच्या नारोशंकर देवळाची १७२१ ची, भीमाशंकरची, पालीच्या बल्लाळेश्वराची. या घंटांवर क्रूस आणि परक्या लिपीतली अक्षरे आहेत. भीमाशंकरला दर्शनाला जाणारे आमच्याकडचे लोक लहानपणापासून ती घंटा पाहत आले आहेत.

त्यानंतर मराठ्यांचे सरसुभेदार शंकराजी केशव यांनी निर्मळचे देऊळ पुन्हा उभे केले. कार्तिकी यात्रा परत भरू लागली. मंडपेश्वरच्या लेण्यात पुन्हा शिवाची पूजा सुरू झाली. काही कुटुंबे शुद्ध होऊन परतली. आता विचार करा. फिरंगी गेला, इन्क्विझिशनचा धाक गेला, सवलती गेल्या, जमिनीचे धनी बदलले, युरोपीय पाद्री गलबतात बसून निघून गेले. धर्म निव्वळ सक्तीवर आणि लाचेवर उभा असता, तर तो या एका पिढीत संपायला हवा होता. बहुतेक ख्रिस्ती गावे ख्रिस्तीच राहिली.

याचे एक साधे कारण होते. युरोपीय गेले, पण गोव्याचे देशी पाद्री आले. कोकणी बोलणारे, मराठी समजणारे, सावळे. १७६० च्या सुमारास अँकेतील द्युपेराँ हा फ्रेंच विद्वान साष्टीतून गेला, तेव्हा त्याला मराठी अमलात ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येने उघडपणे सण साजरा करताना दिसले. दुसरे कारण जातीचे. गेलेल्याला परत घ्यायला मूळ जात बहुतेक वेळा राजी नसे. जिच्या आधारावर ती माणसे ख्रिस्ती झाली, त्याच भाऊबंदकीच्या आधारावर ती ख्रिस्ती राहिली. आणि तिसरे कारण, ज्याला मी सर्वांत जास्त वजन देतो, ते हे की पाच-सहा पिढ्यांत आज्याने सांगितलेली प्रार्थना स्वतःची होते. पणजोबाने कशासाठी डोक्यावर पाणी घेतले, हा प्रश्न पणतूच्या श्रद्धेला लागू होत नाही.

ती श्रद्धा मराठीत नांदली, हे विसरता कामा नये. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्याच्या साष्टीत बसून ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ लिहिले, ते १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. (ही गोव्याची साष्टी, ठाण्याची वेगळी, नावाने घोटाळा होतो.) रोमन लिपीत, पण भाषा मराठी, छंद ओवी. वसईत तर घरातली भाषा सुटलीच नाही. सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण यांची बोली आजही एकच आहे, कादोडी. नावे परेरा, लोपीस, डाबरे, डिमेलो. अंगावर लाल लुगडे, गळ्यात मंगळसूत्र. पावसाळा सरता नव्या भाताची लोंबी चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा, तो सण आगेरा.

इंग्रजी अमलात मुंबई-साष्टीच्या ख्रिस्त्यांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, कारण ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ म्हणवून घेताना नोकऱ्यांत गोवेकरांशी गल्लत होत होती. वसईच्या गावांनी मराठीची वाट धरली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली आणि मातीत मुरलेल्या या समाजाला आपल्या देवाशी आपल्या भाषेत बोलता आले. ‘सुवार्ता’ मासिकाने लेखकांची पिढी घडवली. त्याचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले, हरित वसईसाठी मोर्चे काढले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीवर काही जणांनी धर्म काढून वाद घातला, तेव्हा मला वाईट वाटले. ज्यांच्या आज्या-पणज्या निदान तेवीसशे वर्षे याच विहिरींवर पाणी भरत आल्या, त्यांना परके म्हणायचे कुणी? २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले.

वसईला शाळेच्या सहली जातात. मुले किल्ल्यात हिंडतात, चिमाजी आप्पांच्या पुतळ्याला वंदन करतात, पडक्या चर्चच्या कमानीखाली फोटो काढतात आणि परततात. सहल नेणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, अर्धा दिवस आणखी काढा. सोपाऱ्याचा स्तूप दाखवा, निर्मळचे तळे आणि त्याच गावातले होली क्रॉस चर्च दाखवा आणि जमलेच तर एखाद्या कुपारी आजीला कादोडीत चार वाक्ये बोलायला सांगा. अशोकाचे दोन्ही तुकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत; येताजाता तेही पाहता येतील.